हिरवा कुठला ते लिही

६ जानेवारी

ठके,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, मी कुठे पडलो-धडपडलो नाही. मी अगदी मजेत आहे. काम निघालं म्हणून लिहितोय, नाहीतर तुझ्या अबोल्यात नाक खुपसायची मला हौस नाही.

झालं असं की साफसफाईला येणाऱ्या मावशींच्या अंगात परवा उत्साह संचारला. मी बाहेर गेलो होतो. परत येऊन बघतो तर टेबल लख्ख, खिडकीच्या काचा लख्ख, आणि तुझ्या रंगांच्या सगळ्या बाटल्या साबणाच्या गरम पाण्यात घासून खिडकीत उन्हाला मांडलेल्या. "किती कळकट झाल्या होत्या हो," मावशी म्हणाल्या. आतले रंग जसेच्या तसे आहेत. पण तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या ना बाटल्यांवर, त्या सगळ्या सुटून बेसिनमधून वाहून गेल्या. आता या बाईला काय बोलणार? "छान केलंत," म्हणालो आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो.

घड्याळजींना तू माझं गुपित सांगितलं असशीलच. नसेल तर सांगून टाक, नवऱ्यापासून काय लपवायचं. माझ्या डोळ्यांना लाल आणि हिरवा ही जुळी भावंडं. शेजारी उभी केली की कुठलं कोणतं ते सांगता येत नाही. निळा दिसतो, पिवळा दिसतो, या दोघांशी मात्र माझं जन्माचं वाकडं. शाळेत मी झाड काढलं होतं ते आठवतं? तू एवढीशी होतीस, नाक पुसत पुसत जवळ आलीस आणि म्हणालीस, "दादा, तुझ्या झाडाला गोवर आलाय का?" मग माझ्या खडूंवर तूच अक्षरं कोरलीस, आणि आईला काही बोलली नाहीस. तेव्हापासून हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी जन्मभर नळांच्या काळ्या रेघा ओढल्या, तिथे कुणी रंग विचारलाच नाही. आणि घरी आपला उद्योग ठरलेला: रेघ माझी, रंग तुझा.

आता अडलंय ते ग्रंथालयाच्या नकाशापाशी. आपल्या वस्तीचा तो मोठा, चार तुकड्यांचा. वाचनाच्या नव्या खोलीत तो लावायचं त्यांनी पक्कं केलंय, मार्चमध्ये. डावीकडचे दोन तुकडे तू रंगवून गेलीस. उजवीकडचे दोन नुसते शाईत आहेत, ते मला पुरे करायचेत. दुकानातल्या रंगांवर नाव छापलेलं असतं हे मलाही कळतं. पण तू घोटलेले रंग आणि दुकानातले रंग शेजारी बसणार नाहीत, आणि ते कालवून जुळवायचे म्हणजे दिसायला हवेत ना! रविवारच्या नकाशेवाल्या मंडळींना विचारू म्हटलं, तर तिथले मोजणीदार मला चारचौघांत "घारीची नजर" म्हणतात. रविवार सोडला तर मला दुसरी उठबस नाही. तिथे जाऊन काय सांगू, की घारीला पानं कुठली आणि विटा कुठल्या ते कळत नाही?

सोबत कार्ड जोडलंय. प्रत्येक बाटलीतला एकेक ठिपका दिलाय, खाली आकडा आहे, तोच आकडा मी बाटलीच्या बुडाला लिहिलाय. तू फक्त ठिपक्यासमोर रंगाचं नाव लिही. परतीचं पाकीट तिकीट लावून आत ठेवलंय.

पत्र लिहायची गरज नाही. राग असेल तर असू दे, त्याला माझी हरकत नाही. फक्त हिरवा कुठला ते लिही.

दादा


३० जानेवारी

ठके,

कार्ड मिळालं नसावं असं मी धरून चालतोय. टपालखात्याचा काही नेम नाही. म्हणून दुसरं करून पाठवतोय, ठिपके या वेळी मोठे दिलेत, चष्मा न लावता दिसतील.

फोनही करून पाहिला. तू उचलत नाहीस, घड्याळजी उचलतात. मग आम्ही दोघं हवेवर बोलतो. तिकडे वारा फार, इकडे वारा नाही, असं करत करत बराच वेळ निघतो. माणूस भला आहे, पण एका वाक्यानंतर दुसरं वाक्य येईपर्यंत मला वाटतं फोन बंद पडला. शेवटी मी विचारलंच, "ती आहे का?" तर म्हणाले, "आहे." मग थोड्या वेळाने, "पत्र पोचलं." बस्स. पुढे मी काय विचारणार?

पोचलंय तर पोचलंय. मग नाव लिहायला काय होतं गं? पाच-सहा शब्दांचं काम.

नकाशाचं म्हणशील तर रेघा पुन्हा एकदा तपासून घेतल्या. दोन वर्षांत वस्तीत बरंच इकडचं तिकडे झालंय. लॉन्ड्रीच्या जागी चष्म्याचं दुकान आलं. कोपऱ्यावरचा शिंपी तिथेच आहे, फक्त आता बायकोही दुकानात बसते आणि तीच जास्त बोलते. मी आपलं ते जुन्या बाबागाडीचं चाक घेऊन मोजत फिरतो. शिंपीण म्हणते, "काका, बाळ कुठे सांडलं?" रोज तोच विनोद, आणि रोज मी हसतो. खरं तर तिच्या गल्लीचं माप कधीच घेऊन झालंय, तरी वाट वाकडी करून जातो. मापं पक्की असलेली बरी.

तू अजून त्या स्टँडवरच्या बोलण्यावर अडून बसली असशील तर मला सांग, माझं काय चुकलं? तुझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. लोक म्हणाले पन्नाशीत काय हे, तर मीच त्यांना गप्प केलं. तुम्ही दोघांनी मला वरची खोली देऊ केलीत, उत्तरेची खिडकी आहे म्हणालीस, नकाशाला उजेड छान. मी नको म्हणालो. चार दिवस पाहुणा म्हणून ठीक आहे, पण नव्या संसारात ट्रंका घेऊन कुणाच्या डोक्यावर जाऊन बसू? त्यापेक्षा सोयीचं बोललो, की तू महिन्याकाठी एक फेरी मार, मी रंगवायचे नकाशे साठवून ठेवत जाईन. यात चिडण्यासारखं काय होतं? तर तू बसच्या पायरीवर उभी राहून, सगळे ऐकत असताना म्हणालीस, "दादा, तुला मी नकोय. तुला माझे डोळे हवेत." आणि गेलीस आत.

काहीतरीच तुझं. मला तेव्हाही यावर उत्तर सुचलं नाही आणि आताही सुचत नाही.

असो. कार्ड तेवढं लवकर पाठव. मार्च काही लांब नाही.

दादा


२१ फेब्रुवारी

ठके,

ठीक आहे. मी समजलो. आता कार्ड नाही जोडलेलं, बघ हवं तर पाकीट उलटं करून.

मी माझं बघतो. मावशींना विचारून पाहिलं, अगदी सहज विचारल्यासारखं करून. "मावशी, यातला हिरवा कुठला हो?" तर त्या हसत सुटल्या. "साहेब, तुम्ही पण ना! म्हातारपणी थट्टा सुचते," म्हणाल्या आणि फडकं झटकत गेल्या. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

मग डोकं चालवलं. जिथे डोळे चालत नाहीत तिथे तर्क चालतो, आणि कचेरीत तर्काने मी जमिनीखालचे नळ शोधून काढलेत. माझा घोळ दोनच बाटल्यांचा आहे. एक गळ्यापर्यंत भरलेली, दुसरी बुडाला टेकलेली. आता तू रंगवलेले दोन तुकडे समोर ठेवले. त्यात बाग आहे, मैदान आहे, रस्त्याकडेची झाडं आहेत. म्हणजे सगळ्यांत जास्त हिरवा खर्ची पडला. जो जास्त खर्ची पडला तो संपत आला असणार. संपत आलेली बाटली म्हणजे हिरवा, आणि भरलेली म्हणजे छपरांचा लाल! दुसरी बाटली उघडून दोन्ही शेजारी धरून पाहिल्या, मला तर सख्ख्या बहिणी दिसल्या. पण तर्काला तोड नाही. काल कागद ओला करून फळीवर ताणून बसवला, आज कडेने रंगाला हात घातला. बाग बरोबर मधल्या जोडावर येते, अर्धी तुझ्या तुकड्यावर आणि अर्धी माझ्या. तुझा रंग जिथे संपतो तिथून मी पुढे नेला. आणि ठके, काय सांगू, असा बेमालूम मिळाला की जोड कुठे आहे ते मला बोटाने चाचपडून शोधावं लागलं!

तेव्हा तुझ्यावाचून काही अडलं नाही, एवढंच कळवायला हे पत्र.

बाकी मजेत. मध्ये चार दिवस ताप होता, गेला. शिंपीण म्हणाली, "काका, चाक दिसलं नाही या आठवड्यात." एवढ्यावरून मला इतकं बरं वाटलं की मी तिच्याकडे चांगली असलेली बटणं पुन्हा शिवायला दिली.

एक गंमत सांगतो, हसू नकोस. हल्ली मी पत्ता विचारतो. या वस्तीतला दगडनदगड मला पाठ, तरी रस्त्यात एखाद्याला थांबवतो आणि विचारतो, "टपाल कचेरीकडे कसं जायचं हो?" लोक थांबतात. हात लांब करून दाखवतात, कुठे वळायचं ते नीट सांगतात. काही जण चार पावलं सोबत येतात. परवा एका गृहस्थाने मला साफ उलट्या दिशेला पाठवलं, तर मी त्याचे आभार मानून त्या दिशेला गेलोसुद्धा. आता त्याला दुरुस्त करून कशाला हिरमोड करायचा.

आणि नकाशावर नावं लिहिताना ती मोठ्याने म्हणतो. "पाण्याच्या टाकीचा रस्ता. दवाखान्याची गल्ली." पूर्वी मी नाव घ्यायचो आणि तू पलीकडून "हं" म्हणायचीस, तशी सवय लागलेली. आता कुणी "हं" म्हणत नाही, पण घरात आवाज होतो.

हे सगळं मी का लिहितोय कोण जाणे. रंग वाळेपर्यंत वेळ होता.

दादा


१२ मार्च

ठके,

काल नकाशा लागला. सगळं छान झालं, गर्दी होती, चहा होता, ग्रंथपाल माझ्याबद्दल आणि तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलले.

हे वरचं वाक्य लिहून मी बराच वेळ पेन हातात धरून बसलोय. खोटं नाही त्यात काही. पण राहिलेलं सांगतो.

पडदा ओढला तेव्हा टाळ्यांना सुरुवात झाली आणि मध्येच विरल्या. सगळे बघत राहिले. मला वाटलं, आवडला, भारावले! मग मोजणीदारांनी घसा खाकरला. हा माणूस खाकरला की समजावं काहीतरी चुकलंय. मी पुढे झालो आणि नकाशाशी चष्मा नेऊन चूक शोधायला लागलो. दवाखान्याच्या गल्लीला काना राहिला का? प्रमाणपट्टी उलटी लागली का? उत्तरेचा बाण तपासला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी आपला शाळेतल्या पोरासारखा फळ्यासमोर. शेवटी शिंपीण, तिला कुठलं राहवतंय, मोठ्याने म्हणाली, "अगंबाई! बागेला आग लागली की काय? आणि या घरांच्या डोक्यावर गवत कुणी उगवलं?"

तेव्हा मला कळलं. अर्धी बाग हिरवी, तुझी. अर्धी लाल, माझी. फाटकापासून तळ्यापर्यंत सरळ कापल्यासारखी. आणि उजवीकडची सगळी छपरं हिरवीगार. तळं तेवढं निळं, ते मला दिसतं.

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. भूगोलाच्या बाई आहेत ना रविवारच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, त्या लगेच पुढे आल्या आणि म्हणाल्या, "एकाच बागेचे दोन ऋतू दाखवलेत ना तुम्ही? छान कल्पना आहे." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो. दोन ऋतू." मग कुणीतरी वा म्हणालं, आणि चहा आला. मी कप हातात घेऊन त्या नकाशासमोरच उभा राहिलो, कारण मागे वळलो असतो तर सगळ्यांची तोंडं बघावी लागली असती.

ठके, मला तुझा राग आला होता. येताना रस्ताभर तुझ्याशी भांडत आलो. एक शब्द, एक शब्द लिहिला असतास तर ही वेळ आली असती का? पण खरं सांगू? तिथे उभा होतो तेव्हा राग नव्हता. तेव्हा एवढंच वाटत होतं की तू शेजारी असतीस आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली असतीस, "दादा, बागेला गोवर आलाय." मग मी हसलो असतो. सगळ्यांआधी मीच हसलो असतो. इतक्या माणसांत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

रविवारी आता जाणार नाही. कुठल्या तोंडाने जाऊ?

दादा


३ एप्रिल

ठके,

दोन रविवार मी गेलो नाही, तर तिसऱ्या रविवारी भूगोलाच्या बाई दारात उभ्या. हातात बिस्किटांचा डबा. आत आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ विचारलं, "तुम्हाला लाल-हिरवं कळत नाही, हो ना?" मी म्हटलं, "छे छे, काहीतरीच काय." तर म्हणाल्या, "माझ्या वर्गात दर वर्षी एखादा असायचा. नकाशात जंगलं लाल भरायचा आणि वर माझ्याशी वाद घालायचा. तुम्ही वाद न घालणारे पहिलेच."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, खडूंपासून ते मावशींपर्यंत. बाई इतक्या हसल्या की डबा खाली पडला. हसून झाल्यावर म्हणाल्या, "आणा त्या बाटल्या." आणि बसल्या बसल्या सगळ्यांवर चिठ्ठ्या लावून दिल्या. शाळेतलं टपोरं अक्षर आहे, चष्म्याशिवाय वाचता येतं. मी बाकीच्यांनाही कळू दे म्हटलं. मोजणीदारांना कळलं तेव्हा ते खाकरले आणि म्हणाले, त्यांना डाव्या कानाने कधीपासून ऐकू येत नाही, म्हणून ते नेहमी भिंतीकडची खुर्ची पकडतात. आम्हाला वाटायचं माणूस तऱ्हेवाईक आहे! आता रविवारी मी त्यांच्या उजवीकडे बसतो. नकाशा दुरुस्त करून देतो म्हटलं, तर ग्रंथपाल म्हणाले राहू द्या, लोक मुद्दाम लाल बाग बघायला येतात.

तर असं सगळं ठाकठीक झालंय. हिरवा कुठला ते आता मला कळतं. बाटली हातात घेतली की वाचता येतं. तुझ्याकडे मागण्यासारखं माझ्यापाशी काहीही उरलेलं नाही.

मी खूश व्हायला हवं होतं ना? त्या दिवशी बाई गेल्यावर मी टेबलाशी येऊन बसलो. नवा कागद ताणलेला होता, रंग होते, नावं लिहिलेली होती. आणि मला रडू आलं. म्हातारा माणूस, बाटल्यांकडे बघून रडतोय. मावशी आत आल्या आणि तशाच मागे फिरल्या. बाटल्यांवरचं अक्षर चांगलं आहे गं, पण तुझं नाही. आणि हिरवा रंग कळून मला करायचंय काय, पलीकडे "हं" म्हणायला कुणी नाही तर?

बसच्या पायरीवर तू जे बोललीस त्याचं उत्तर मला आता सुचलंय. मला तुझे डोळे नकोत. डोळ्यांची सोय झाली. तरी मी लिहायला बसलोय.

आता काय लिहू ते कळत नाही, कारण या पत्राला काम नाही. मागची सगळी पत्रं मी आज आठवून पाहिली. त्यात शिंपीण आहे, मावशी आहेत, बाबागाडीचं चाक आहे, आणि तुला एक प्रश्न म्हणशील तर नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढवतो का? तिकडे रंग घोटतेस का अजून, की खल नुसता कपाटावर ठेवलास? घड्याळजी जेवताना तरी बोलतात का? वारा फार म्हणाले होते, तर तुझी खिडकी कुठल्या अंगाला आहे?

हेच मनात आलं तेव्हा मी तुमच्या गावाचा नकाशा काढायला घेतला. कोरा कागद, वर उत्तर. बसस्टँड असणारच, म्हणून खाली एक चौकोन काढला. आणि हात थांबला. पुढे काहीच नाही. तुझं घर रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे, समोर काय दिसतं, वळण कुठे येतं, मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. कुठला शिंपी कुठे बसतो ते मी डोळे मिटून सांगेन, आणि माझी सख्खी बहीण कुठे राहते ते मला एका रेघेत काढता येत नाही. तो कागद तसाच टेबलावर आहे. खाली एक चौकोन आणि वर बाण.

म्हणून विचारतो. स्टँडवर उतरल्यावर तुझ्याकडे कसं यायचं? नीट सांग, कुठे वळायचं ते. या वेळी मी खरंच पत्ता विचारतोय, मला ठाऊक नाही म्हणून.

उत्तर नाही दिलंस तरी मी येणार आहे. लोकांना विचारत विचारत येईन, त्याची मला सवय आहे.

दादा


१५ एप्रिल

दादा,

तुझी दोन्ही कार्डं आली त्या त्या दिवशीच मी भरून ठेवली होती. नावं लिहिली, पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, आणि टपालात टाकलं नाही. रोज हे विचारायचे, "टाकू का?" आणि रोज मी म्हणायची, उद्या. टाकलं असतं तर तुझं काम झालं असतं, आणि पुढचं पत्र आलं नसतं.

लाल बागेचं वाचून मी आधी पोट धरून हसले आणि मग मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तेव्हाच पाकीट घेऊन बाहेर पडले होते, पण आता ते पाठवून काय करायचं म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आले.

आणि तुझा तो तर्क! भरलेली बाटली हिरवी, शहाण्या. जायच्या आदल्या दिवशी मी बसून गळ्यापर्यंत घोटून भरली होती. तुला हिरवाच जास्त लागणार, आणि पुन्हा कधी घोटून देता येईल ते ठाऊक नव्हतं, म्हणून.

गुडघा दुखतो. जिना चढवतो, पण रडवतो. खल कपाटावर आहे, खाली काढला नाही. हे जेवताना बोलत नाहीत, जेवण झाल्यावर एकदा "छान" म्हणतात. खिडकी समुद्राच्या अंगाला आहे. वरच्या खोलीत यांनी दुरुस्तीची घड्याळं ठेवू का म्हणून दोनदा विचारलं, मी ठेवू दिली नाहीत. ती तशीच रिकामी आहे. राहा म्हणत नाही, चार दिवस तर ये.

सोबत नकाशा जोडलाय. मी जन्मात पहिल्यांदा रेघ ओढली आहे, तेव्हा नाक मुरडू नकोस. उत्तर कुठे आहे ते मला माहीत नाही, प्रमाण वगैरे काही नाही. यांच्या दुकानाचं घड्याळ मी घरापेक्षा मोठं काढलंय, कारण ते तुला लांबून दिसेल. स्टँडवरून समुद्राकडे उतर. बेकरी येईल, तिथे डावीकडे वळ. मग भिंत, मग पायऱ्या. पायऱ्यांच्या वर दोन घरं आहेत, एकाला एक लागून, अगदी सारखी. आमचं दार हिरवं आहे. शेजाऱ्यांचं लाल.

ते तुला कळायचं नाही. बस किती वाजता पोचते ते कळव, मी दारात उभी राहते.

ठकी